दू फूच्या कविता चालण्याच्या क्रमाने छापा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला दू फू या आठव्या शतकातल्या चिनी कवीवरचा लेख वाचला, आवडला, पण त्यात पुन्हा तेच, ७५५ चं आन लुशान या सेनापतीचं बंड, उपासमार, सैनिक, आणि म्हणून कवी मोठा झाला, संपलं. बंडाने त्याला विषय दिला हे मान्यच आहे हो, पण त्याची लिहायची स्टाइल बदलली ती पायपिटीने, असं मला मनापासून वाटतं.

विशीत त्याने थाई पर्वतावर कविता लिहिली. पर्वताकडे नुसता बघतोय, वर गेलेलाही नाही, आणि म्हणतो एक दिवस शिखरावर जाईन तेव्हा बाकीचे डोंगर छोटे दिसतील. सुंदरच आहे, पण सगळं लांबून.

आता ७५९ बघा. वय ४७, हुआजौची सरकारी नोकरी सोडलेली, बायकापोरांना घेऊन छिनजौ, तिथून थोंगगू, तिथून ऐन थंडीत चेंगदू. थोंगगू सोडताना स्वतःच म्हणतो की एका वर्षात चार वेळा वाट धरावी लागली. शेवटच्या दोन टप्प्यांवर त्याने बारा-बारा कविता लिहिल्या, घाट आला की कविता, नदी ओलांडली की कविता, कड्याला ठोकलेल्या फळ्यांवरून जीव मुठीत धरून गेला तरी कविता. चिखलाच्या डोंगरावरची तर मी कितीदा वाचली असेल, सकाळी चिखलावरून चालतोय, संध्याकाळी चिखलातच आहे, पांढरा घोडा काळा पडलाय आणि लहान पोर म्हातारं दिसायला लागलंय! मिठाच्या विहिरींपाशी येतो तर चक्क भाव लिहितो, सरकारी दर एका मापाला ३०० आणि व्यापारी दहा मापांना ६००० घेतात, म्हणजे सरळ दुप्पट. शिए लिंगयुन या कवीनेही तीनशे वर्षं आधी डोंगर चढत कविता लिहिल्या होत्या, पण त्याच्या पाठीमागे भुकेली पोरं नव्हती. इथे दू फूची ओळ खडबडीत होते, तिला धाप लागते.

पुढे ७६६ मध्ये खुइजौला यांगत्सेच्या खिंडीपाशी बसून त्याने शरदाच्या आठ कविता लिहिल्या, प्रत्येक आठ ओळींची, नियमांत घट्ट बांधलेली, पण आठही मिळून एकच. देह खिंडीत आणि मन राजधानी चांगआनला. एक कविता दुसरीच्या हातात द्यायचं हे जे कसब आहे ना, ते त्याला त्या ७५९ च्या रस्त्यावरच गवसलं असं माझं मत आहे.

म्हणून विनंती, सुट्या चार कविता देऊ नका, त्या चोवीस कविता क्रमाने द्या, दर आठवड्याला एक दिली तरी चालेल, फक्त ठिकाण आणि साल टाका. शेवटची चेंगदूची आहे, मावळतीचं ऊन त्याच्या प्रवासाच्या कपड्यांवर पडलंय, भेटतायत ती सगळी नवी माणसं, आणि आपलं गाव पुन्हा दिसेल की नाही त्याला ठाऊक नाही. तिथे पोचेपर्यंत वाचकही आधीच्या तेवीस कविता चालून आलेला असू दे.

आपला,
एक नियमित वाचक