मन्या, चहा अजून बाकी आहे

प्रिय मन्या,

तुझ्या मेसेजला उत्तर न देता अख्खा पावसाळा काढला. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, खोकला गेला.

माझ्या थिसिसमधलं हे तुलाच सांगण्यासारखं आहे. घरी सांगायला गेलो तर बायको म्हणाली, "मीठ कमी केलंस, एवढंच ना?" हो, एवढंच! पॉलिअक्रिलिक अ‍ॅसिडचा थर दिलेले आयर्न ऑक्साइडचे ऋण चार्जचे अतिसूक्ष्म कण, आणि पीडॅडमॅक, म्हणजे धन चार्जच्या लांब साखळ्यांचा पॉलिमर. साध्या पाण्यात एकत्र ओतले की लगेच साका. पण दोन्हींत आधी अमोनियम क्लोराइड (हेच आमचं मीठ) 1 मोलर, म्हणजे भरपूर, केलं, तर एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. मग डायलिसिसने, म्हणजे फक्त छोटे आयन सोडणाऱ्या पडद्यातून, मीठ उतरवत न्यायचं. एका पातळीखाली अचानक जुळतात, गोल पुंजके होतात. चुंबकाच्या क्षेत्रात तेच केलं तर लांब काड्या, आणि चुंबक काढला तरी त्या मोडत नाहीत! पॅरिसचे संशोधक बेरे यांच्या गटाने अशा काड्या 2008 सालीच छापल्यात.

आता माझं दुखणं. मीठ भरभर उतरवलं की पुंजके लहान, सावकाश उतरवलं की मोठे. कण तेच, पॉलिमर तोच, प्रमाण तेच, शेवटचं मीठही तेवढंच. गाइड सर म्हणतात, "टेबलमध्ये एक साइझ टाक." कुठली टाकू? एकदा चिकटले की सुटून पुन्हा रचायची सवडच मिळत नाही त्यांना. अडकले तिथे अडकले. म्हणजे मी मोजतोय ते मीठ उतरवण्याच्या वेगाचं फळ, आणि चॅप्टरचं नाव 'समतोल रचना'! सरांना हे सांगितलं की ते घड्याळ बघतात.

आणि हो, होस्टेलमधली ती पैज. धन-ऋण ओढतात म्हणून जुळतात, असं तू रात्री दोनपर्यंत ओरडत होतास. नुसत्या ओढीने जुळले असते तर उष्णता बाहेर पडली असती. पण उष्णता मोजणाऱ्या कॅलरीमीटरमध्ये पीडॅडमॅक आणि ऋण साखळ्यांचं पॉलिअक्रिलेट मिसळलं की उष्णता शोषली जाते. साखळ्यांना चिकटलेले छोटे आयन मोकळे होतात, एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, वाढते, काम तिचं. चहा बाकी आहे तुझ्याकडे.

मुलीबद्दल अभिनंदन, फोटो पाहिला, नाक सुदैवाने वहिनींचं. काकूंचा गुडघा कसा आहे? वहिनींना डिंकाचे लाडू चालू असतीलच. 1929 साली डच बुंगेनबर्ग डी योंग आणि क्रॉइट यांनी अरबी डिंक आणि जिलेटिन घेऊनच या जुळण्याच्या विषयाला 'कोअ‍ॅसर्व्हेशन' हे नाव दिलं. तू घरी प्रयोग करू नकोस.

सरांकडे 'एक साइझ' ऐवजी वेग विरुद्ध साइझ असा ग्राफ घेऊन जाऊ का? तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. शुक्रवारच्या आत कळव.

तुझा,
बाळ्या