बाबा, ती निळी फाईल पुन्हा काढा

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई हळूच म्हणाली, "अर्धांगवायूनंतर सांगितलेला व्यायाम यांनी सोडलाय गं." मग बाबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "नशिबात असेल तर चालेल हात." त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर बोलायला गेले की गळा दाटून येतो, म्हणून लिहितेय.

बाबा, तुमच्या नोकरीबद्दलही तुम्ही हेच सांगत आलात. निवड झालेला माणूस रुजूच झाला नाही, प्रतीक्षा यादीत पहिलं नाव तुमचं होतं, म्हणून लागलो, नशीब! मलाही ते खरं वाटायचं. मग आठवीत असताना कपाटाच्या खालच्या कप्प्यात ती निळी फाईल सापडली. पातळ कागदावरच्या कार्बन प्रती आणि प्रत्येकीच्या मागे टाचलेलं नकाराचं पत्र. टाचण्या गंजल्या होत्या, त्यांचे तांबूस डाग पुढच्या कागदावर उमटले होते. मी मोजले, 22 नकार. आणि एकही अर्ज आधीच्याची नक्कल नव्हता. कुठे वाक्य आखूड केलेलं, कुठे अनुभवाचा परिच्छेद खालून वर आणलेला. तेविसावा अर्ज तुम्ही केलाच नसता, तर तो माणूस रुजू झाला काय नि न झाला काय, तुम्हाला त्याचं काय होतं?

तुम्हाला हिशोब आवडतो, म्हणून हा हिशोब. दर अर्जाला यशाची शक्यता विसात एक धरा, म्हणजे शंभरात 5. असे 23 अर्ज केले, तर निदान एक तरी लागण्याची शक्यता शंभरात 69 होते. दर वेळचं नशीब तेवढंच तोकडं, तरी पारडं फिरतं. तुम्ही तर प्रत्येक अर्ज आधीच्यापेक्षा सुधारत होतात.

जोसलिन बेल या विद्यार्थिनीची गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. 1967 साली केंब्रिजमध्ये ती रेडिओ दुर्बिणीवर काम करत होती. ती दुर्बीण उभारायलाही ती इतरांबरोबर दोन वर्षं राबली होती. यंत्रातून रोज सुमारे 100 फूट कागद बाहेर पडे, आणि त्यावरच्या रेघा ती नुसत्या डोळ्यांनी तपासायची. आकाशाचा तोच भाग पुन्हा यायला 400 फूट कागद लागे. त्यात इंचभरही नसलेली एक विचित्र खरखर तिला दिसली. दुर्लक्ष करता आलं असतं. तिला आठवलं, हे आपण आधीही कुठेतरी पाहिलंय! नीट नोंदवायला गेली तर ती खरखर काही आठवडे गायबच झाली. तरी ती रोज वेळेवर यंत्रापाशी जात राहिली, आणि नोव्हेंबरअखेर सव्वा सेकंदाहून थोड्या जास्त अंतराने येणारे ठोके कागदावर उमटले. पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ ठोके पाठवणारा तारा, सापडला होता. योगायोग म्हणाल तर आहेच, पण तो मैलभर कागद नजरेखालून घालणाऱ्या मुलीच्या वाट्याला आला.

कष्टाला फळ येतंच, असं मी म्हणणार नाही. त्या शोधाचं 1974 चं नोबेल तिच्या मार्गदर्शकाला मिळालं, तिला नाही. राबून रिकाम्या हातांनी परतलेली माणसं मीही पाहिली आहेत. पण बाबा, प्रयत्नच थांबवला तर शक्यता शून्य होते, आणि ते तुमच्यासारख्या हिशोबी माणसाला शोभत नाही.

अर्धांगवायूनंतर पहिल्या काही महिन्यांत सुधारणा भराभर होते, पुढे वेग मंदावतो. मंदावला म्हणजे संपला नाही. मेंदूच्या दुखावलेल्या भागाचं थोडंफार काम इतर भाग शिकू शकतात, आणि ते शिकतात तेच ते पुन्हा पुन्हा करून. दुखलं तर थांबा, फिजिओथेरपिस्टना विचारा, पण तो रबरी चेंडू टेबलावर धूळ खात ठेवू नका.

आई, मी दोनदा नापास झाले तेव्हा पहाटे तू माझ्याजवळ नुसती बसून राहायचीस, एक शब्द न बोलता. आता बाबांशेजारी तशीच बस. रागावू नकोस, चेंडू किती वेळा दाबला ते फक्त मोज, आणि वहीत लिही.

एक सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात मी आले होते, तेव्हा बाबा चष्मा पुसत होते. डाव्या हाताचा अंगठा हलून काचेच्या कडेला टेकला. क्षणभरच. तुम्हा दोघांचं लक्ष नव्हतं, बाबा. मी पाहिलं.

रविवारी फोन करते. वहीतला आकडा सांगा.

तुमची,
ताई