चढणीच्या माशांना वाट द्या

महोदय,
पहिला जोराचा पाऊस पडला की कोकणात ‘चढणीचे मासे’ धरायला झुंबड उडते. ओहोळाच्या तोंडाशी जाळी, टोपल्या, कुठे थेट काठ्यासुद्धा. लहानपणी मीही त्यात होतो, म्हणून कुणाला नावे ठेवत नाही. पण वर चढणारा मासा पोटात गाभोळी घेऊन अंडी घालायला निघालेला असतो, हे तेव्हा कुणी सांगितले नाही. समुद्रात पावसाळी मासेमारीबंदी सर्वांना ठाऊक आहे. ओढ्यावरच्या गाभोळीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

अशाच चढणाऱ्या माशांपैकी महाशीर म्हणजे आपला खडस. १८३९ मध्ये साइक्स या ब्रिटिश अधिकारी-निसर्गअभ्यासकाने त्याला शास्त्रीय नाव दिले ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पाण्यात तो शोधून दाखवावा! त्याला वाहते, स्वच्छ पाणी आणि गोटे-वाळूचा तळ लागतो. अंडी दगडगोट्यांच्या फटीत वाढतात. वाळू उपसली की ती जागाच जाते, आणि वरून आलेला गाळ उरलेल्या फटी बुजवतो. हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेली पिल्ले सोडून हे भरून निघत नाही.

महाडजवळ वाळण कोंडीत (नदीतल्या खोल डोहात) देवीचे मासे म्हणून कुणी गळ टाकत नाही, तिथे महाशीर टिकून आहेत. प्रत्येक नदीला देवी कुठून आणणार? निदान ग्रामपंचायतींनी जून-जुलैत ओढ्यांच्या तोंडाशी जाळी लावू देऊ नयेत, आणि बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पहिल्या पुराआधी निघतील एवढे पाहावे.

– एक वाचक, महाड