ब्रेल डिस्प्ले ‘बिघडलेला’ नव्हता

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या हाती आता ब्रेल डिस्प्ले, म्हणजे संगणकावरील मजकूर बोटांना वाचता येईल अशा टिंबांत उमटवणारे यंत्र, येऊ लागले आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु यंत्र देणाऱ्यांनी त्याच्या सेटिंग्जकडेही लक्ष द्यावे, एवढ्यासाठीच हे पत्र.

मी दृष्टिहीन असून निवृत्त शिक्षिका आहे. अलीकडे एका शाळेत २० सेलचा (सेल म्हणजे एका ब्रेल चिन्हाची जागा) डिस्प्ले ‘बिघडलेला’ म्हणून कपाटात पडून असल्याचे समजले. मराठी धडा उघडला की अक्षरांऐवजी आकडेच लागतात, अशी मुलांची तक्रार होती. मी बोटे फिरवून पाहिले, तर ‘क’च्या जागी त्याचा ०९१५ हा युनिकोड क्रमांक (संगणकातला अक्षराचा ठरावीक क्रमांक) आणि त्याच्या मागेपुढे चिन्हे, असे एका अक्षराने आठ सेल अडवले होते, म्हणजे अख्ख्या ओळीत धड तीन अक्षरेही मावत नव्हती. यंत्रात काडीचाही दोष नव्हता. संगणकावरील एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरमध्ये, म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये देणाऱ्या प्रणालीत, ब्रेलचे आउटपुट टेबल (कोणत्या अक्षराला कोणती टिंबे, हे ठरवणारा तक्ता) इंग्रजीचेच राहिले होते आणि त्याला देवनागरीची ओळख नव्हती. सेटिंग्जच्या ‘ब्रेल’ विभागात मराठी टेबल निवडताच मुलांच्या सवयीची भारती ब्रेलची, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीची, टिंबे वर आली. ब्रेलमध्ये लिहिण्यासाठीचे इनपुट टेबल मात्र वेगळे बदलावे लागते. ते विसरल्यास वाचायला मराठी मिळते आणि लिहिताना इंग्रजी अक्षरे उमटतात.

त्याच विभागात, स्क्रीन रीडरचा तात्पुरता संदेश डिस्प्लेवर किती सेकंद राहावा हेही ठरवता येते. नव्याने वाचायला शिकणाऱ्या मुलाचे बोट ओळीच्या मध्यावर पोहोचण्याआधीच संदेश पुसला जातो आणि दोष मात्र मुलाच्या वेगाला दिला जातो, म्हणून ही मुदत वाढवणे अगत्याचे आहे. ओळीच्या शेवटी शब्द न तोडण्याच्या पर्यायाने काही सेल रिकामे जातात. सरावलेली असल्यामुळे मी तो बंद ठेवते, परंतु मुलांसाठी तो चालूच असावा.

हे सारे दहा मिनिटांचे काम आहे, पण ते कोणाचे, हे कुठेच ठरलेले नसते. पुरवठादाराने मुलाच्या भाषेचे टेबल लावून, शिक्षकांसमोर एक मराठी उतारा वाचून दाखवल्याशिवाय शाळेने यंत्र मिळाल्याची पोच देऊ नये आणि सोबतची माहितीपुस्तिका मराठी ब्रेलमध्येही असावी, अशी माझी देणगीदार संस्थांना विनंती आहे.

आपली,
एक दृष्टिहीन वाचक, सातारा