स्टँडी ठेवा, पण सहा फूट वाट सोडा

मा. संपादक,

दुकानाबाहेर उभे करायचे घडीचे बोर्ड, ज्यांना बाजारात सगळे स्टँडी म्हणतात, त्यांच्याकडे जळगाव, धुळे, भुसावळात एरवी कोणी ढुंकून पाहत नाही. मग एखाद्या दिवशी अतिक्रमण पथकाची गाडी येते आणि वाटेतला, बिनवाटेतला असा भेद न करता दिसेल तो बोर्ड उचलून नेते. आठ दिवसांत नवे बोर्ड उभे राहतात. हे थांबवायचे तर स्टँडीसाठी स्वतंत्र, एका पानात मावेल असा नियम हवा.

बोर्ड सरसकट बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. गोलाणी मार्केटच्या वरच्या मजल्यावरचा दुकानदार किंवा गल्लीच्या आतली खानावळ यांचा नामफलक रस्त्यावरून दिसत नाही. 'आज भरीत, कळण्याची भाकरी' असे खडूने लिहिलेली पाटीच तिथे गिऱ्हाईक आणते.

कायद्याबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे: 'माझ्याच दुकानाची जाहिरात, तिला परवानगी कशाला?' महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 245 मध्ये जाहिरातीला आयुक्तांची लेखी परवानगी लागते आणि स्वतःच्या धंद्याच्या जाहिरातीला सूट आहे, हे खरे. पण ही सूट ज्या जागेत किंवा इमारतीत धंदा चालतो, तिथेच लावलेल्या फलकाला आहे. बोर्ड पायरी उतरून रस्त्यावर आला की ती लागू राहत नाही. तिथे कलम 229 व 230, म्हणजे रस्त्यात अडथळा करण्यास व वस्तू ठेवण्यास मनाई, लागू होतात आणि कलम 231 प्रमाणे आयुक्त नोटीस न देताही तो हटवू शकतात. भुसावळ, अमळनेर, चाळीसगावसारख्या नगरपरिषदांना 1965 चा वेगळा अधिनियम आहे.

नियमाचा गाभा बोर्डाच्या मापात नसून उरलेल्या वाटेच्या मापात असावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत (आयआरसी 103) चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच मोकळी जागा सांगितली आहे. 1.8 मीटर म्हणजे जवळपास सहा फूट, समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर निघतील इतकी. दोन फुटी बोर्ड दहा फुटी पदपथावर कोणाला नडत नाही, पण तोच बोर्ड पाच फुटी पदपथावर लोकांना गाड्यांत उतरवतो.

मोजताना चूक होते ती अशी. सकाळी रस्ता रिकामा असताना बोर्डापासून पदपथाच्या कडेपर्यंत टेप धरतात आणि सहा फूट भरले म्हणतात. टेप बोर्डाच्या सर्वांत बाहेरच्या पायापासून समोरच्या पहिल्या अडथळ्यापर्यंत धरावी. तो अडथळा विजेचा खांब असेल, झाडाची जाळी असेल किंवा उभ्या मोटारसायकलचे हँडल. मोजणीची वेळ संध्याकाळी सातची. सहा फूट भरत असतील तर बोर्डाच्या चारही पायांच्या जागी पिवळ्या ऑइल पेंटने खुणा कराव्यात. पुढे निरीक्षकाला टेपही लागत नाही, बोर्ड खुणेवर आहे की नाही ते चालता चालता दिसते.

आपल्याकडच्या जुन्या पेठांत पदपथच नाही, ही खरी अडचण. दुकानाची पायरी, मग गटारीवरचा ढापा, मग लगेच दुचाक्या. अशा ठिकाणी ढाप्यावर बोर्ड ठेवायला परवानगी देऊ नये. तो पायरीच्या रेषेच्या आत किंवा भिंतीला टेकून असावा. ढापा उचलल्याशिवाय गटारी साफ होत नाही आणि गाड्यांपासून अंग वाचवायला पायी माणसाला तेवढीच जागा उरते. चौकाच्या कोपऱ्यापासून पंधरा फुटांत तर बोर्ड नकोच, कारण चार फुटी बोर्डामागचे लहान मूल वळणाऱ्या गाडीवाल्याला दिसत नाही.

पांढरी काठी घेऊन चालणाऱ्यांचा विचार सांगाडा करतानाच करावा लागतो. काठी जमिनीलगत फिरते. बोर्डाचे पत्रे जमिनीपासून दीड फुटावर सुरू झाले, तर काठी दोन बारीक पायांमधून निघून जाते आणि पत्र्याची धार थेट गुडघ्याला किंवा मांडीला लागते. म्हणून चारही बाजूंना खालचा आडवा पाइप जमिनीपासून सहा इंचांच्या आत हवा. बोर्डाची जागा रोज बदलू नये. करड्या पेव्हर ब्लॉकवर करडा सांगाडा कमी दिसणाऱ्यांना कळत नाही, त्यामुळे कडा पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगवाव्यात.

आता वारा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, खरेदीला सराफ बाजारापासून कपड्याच्या दुकानांपर्यंत बोर्डांची संख्या वाढते आणि वावधनाचे, म्हणजे वादळी वाऱ्याचे, दिवसही नेमके तेच. पाऊण इंची, 18 गेजच्या चौकोनी पाइपचा, दोन बाय तीन फुटी पत्र्याचा सांगाडा पाच-सहा किलो भरतो. ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्यात त्या पत्र्यावर साधारण पाच किलोचा जोर येतो. पाय दोन फूट फाकलेले असतील तर बोर्ड उभा राहायला एकूण दहा किलो वजन लागते, म्हणजे खालच्या आडव्या पाइपवर पाच किलो वाळूची पिशवी ठेवलीच पाहिजे. वारा दीडपट, ताशी 60 झाला की जोर सव्वादोन पट होतो आणि वजन बावीस किलोंवर जाते. तेवढे कोणी बांधत नाही, त्यामुळे धूळ उठू लागताच बोर्ड आत घेणे हाच उपाय. जागा वाचवायला पाय किती फाकतील ते धरून ठेवणारी साखळी आखूड करतात, ते तर फार धोक्याचे. पाय दोनऐवजी एकच फूट फाकले की त्याच वाऱ्याला दुप्पट वजन लागते. वाळूऐवजी ठेवलेला दगड ठोकर लागून वाटेत येतो. पायांना रबरी बूट नसले तर गुळगुळीत फरशीवर बोर्ड पडत नाही, सरकत जातो.

गुंडाळता येणारी अडीच बाय सहा फुटी रोल-अप स्टँडी दुकानाच्या आत ठेवण्यासाठी असते. तिचे वजन दोन-तीन किलो, तळ वीतभर रुंद. ती झुळकीलाही जाते आणि दुचाकीवाल्याच्या अंगावर आली तर तोंडावरच येते. रस्त्यावर तिला पूर्ण बंदी असावी.

दिव्याच्या बोर्डाची वायर पदपथावरून आडवी नेणेही बंद हवे. वरून चिकटपट्टी लावली तरी हातगाडीच्या चाकाखाली ती सोलली जाते आणि पहिल्याच पावसात लोखंडी सांगाड्यात करंट उतरतो. ज्यांना उजेड हवाच, त्यांनी बॅटरीवरचा दिवा वापरावा. दुकानातून वीज घेतलेला बोर्ड पायरीच्या आतच ठेवावा आणि त्याला 30 मिलीअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर (करंट गळताच वीज तोडणारा) बसवावा.

दुकानामागे एकच बोर्ड, दुकान उघडे असेपर्यंतच बाहेर, आणि त्यावर दुकानाचे नाव व गाळा क्रमांक. एवढ्यावर वर्षाचा एक ठरावीक परवाना द्यावा. क्रमांकाचा आग्रह अशासाठी, की उचललेला बोर्ड कोणाचा हे आज गोदामात कळत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात विक्रेत्याचा माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते, आणि नाशवंत नसलेला माल मागणी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. स्टँडीलाही तीच पद्धत लावावी: पहिल्या वेळी जागेवर लेखी समज, दुसऱ्यांदा पावती देऊन जप्ती, दंड भरला की बोर्ड परत. पावती नसली की दुकानदार तो बोर्ड सोडून देतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी हलका, आणखी स्वस्त बोर्ड करून आणतो.

हा एका पानाचा नियम आखाजीच्या निदान दीड महिना आधी निघावा. खालचा पाइप, साखळी आणि रबरी बूट बदलायला वेल्डिंगवाल्याकडे एका बोर्डाचे काम तासाभराचे असते, पण सगळी पेठ एकाच आठवड्यात आली तर ते होणार नाही.

आपले,
फलक व फ्लेक्स व्यवसायातील काही वाचक, जळगाव