मित्रांना एवढंच विचार

लीड्स,
रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझी व्हॉइस नोट ऐकली. ‘ब्लॅक पँथर’ या मार्व्हलच्या सिनेमातला खलनायक किलमाँगर तुला हिरोपेक्षा, म्हणजे वकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या राजापेक्षा, जास्त पटला, म्हणून मित्रांनी वेड्यात काढलं म्हणे. पटला तर बिघडलं कुठे?

त्याचं म्हणणं काय? जगभर कृष्णवर्णीय चिरडले जात होते आणि एवढं सामर्थ्य असून वकांडा दारं लावून बसलं. राजाला हे खोडता येत नाही. मग लेखक किलमाँगरला स्वतःच्याच मैत्रिणीला गोळी घालायला लावतात. झालं! माणूस क्रूर ठरला की त्याचं म्हणणं आपोआप बाद. शेवटी राजा ओकलंडमध्ये इमारती विकत घेऊन मदतकेंद्र काढतो. मागितलं काय, मिळालं काय! (तरी 2018 मध्ये एवढं तरी बोलले, हेही खरंच.)

आपल्या काळारामाचंच बघ. 1930 साली बाबासाहेबांनी सुरू केलेला सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, मागणी साधी, दार उघडा. यावर असा सिनेमा निघाला, तर मध्यंतराआधी एखाद्या सत्याग्रहीच्या हातात बॉम्ब दिसेल बघ. नाहीतर दार बंद ठेवणाऱ्यांची बाजू मांडायची कशी?

कॅप्टन अमेरिकाचा ‘विंटर सोल्जर’ (2014) जरा धीट आहे. संशयावरून लाखो माणसं वरून टिपायची सरकारी योजना, आणि कॅप्टन ती राबवणारी ‘शील्ड’ ही हेरसंस्थाच मोडायला लावतो. पण आत हायड्रा ही दुष्टांची गुप्त संघटना घुसली होती म्हणे, म्हणजे पाप घुसखोरांचं. ती योजना आधी शील्डचा प्रमुख फ्युरी यानेच उचलून धरली होती ना? पुढच्याच वर्षीच्या सिनेमात तो तसलंच उडतं जहाज घेऊन लोकांना वाचवायला येतो, आणि आपण टाळ्या वाजवतो.

यात लष्कराचाही हात असतो. ‘आयर्न मॅन’ला अमेरिकी हवाई दलाची मदत होती. अशी मदत हवी तर पटकथा आधी दाखवावी लागते. 2012 च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’ला मात्र पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, नकार दिला, कारण शील्ड नेमकी कुणाच्या हुकमाखाली, हेच त्यांना उमगेना!

मित्रांशी भांडायचंच असेल तर एवढंच विचार: ती गोळी झाडली नसती, तर राजाने किलमाँगरला काय उत्तर दिलं असतं?

आईला सांग, गुरुवारी फोन करते.

तुझी,
ताई