खाड्यांची वही

॥ श्री ॥

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, संध्याकाळ

चि. सोन्या,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, मी राजीनामा टाकतोय. पुण्याला येऊन यूपीएससी करणार." आणि मी गप्प बसले. तुला वाटलं, मी रागावले. रागावले नव्हते रे. गॅसवर आमटी उकळत होती आणि पुढ्यात चाळीस जणं ताटं घेऊन उभी होती. शिवाय अशा वेळी माझं डोकं जरा उशिरानंच चालतं. तेवढ्यात "माझ्या स्वप्नाच्या आड येऊ नकोस" म्हणून तू फोन ठेवूनही दिलास. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, आड कधी आले?

आज रविवार, संध्याकाळची मेस बंद. दुपारी फीस्टला मसालेभात आणि जिलबी होती. मोठी पातेली घासून झाली, बाबा टीव्हीपुढे पेंगतायत. म्हणून वही घेऊन बसले. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

मला तुमच्या त्या अभ्यासातलं काही कळत नाही, हे आधीच सांगते. माझं बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं. पण माझ्याकडे एकवीस वर्षांच्या खाड्यांच्या, म्हणजे कोण कधी जेवायला आलं नाही त्याच्या, वह्या आहेत. लहानपणी तूच त्यात फुल्या मारायचास, आठवतं? जेवायला यायचं नसेल तर आदल्या दिवशी सांगायचं, तरच खाडा धरला जाईल, ही पाटी तूच रंगवली होतीस. (खाली "वाद घालू नये" हे बाबांनी जोडलं.) पूर्वपरीक्षेचा निकाल लागला की त्या संध्याकाळी नव्वद मेंबरांपैकी साठच येतात. बाकीच्यांनी आदल्या दिवशी काही सांगितलेलं नसतं, म्हणजे पैसे कापले जाणार हे त्यांना माहीत असतं. तरी येत नाहीत. मळलेली कणीक फ्रीजमध्ये जाते. अशा किती संध्याकाळी मी मोजल्या असतील!

आकडे तुला माहीत आहेतच, पण माझ्या तोंडून ऐक. यूपीएससीला देशभरातून दहा लाखांच्या आसपास अर्ज जातात. २०२३ च्या परीक्षेच्या शेवटच्या यादीत १,०१६ नावं होती. मुलं जेवता जेवता हे आकडे असे बोलतात जसा आपण कांद्याचा भाव बोलतो. मुख्य परीक्षा १,७५० गुणांची, मुलाखत २७५ ची. पूर्वपरीक्षेचे गुण शेवटी धरतच नाहीत, ते नुसतं दार. पण मुलाखतीत राहिलास तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारापाशी उभं राहायचं. सापशिडीतला ९८ वरचा साप असतो ना, तसा.

उदगीरकडच्या एका मुलाला हा साप दोनदा चावला. तुला तो आठवत असेल, तुझी सायकल दुरुस्त करून द्यायचा. सात वर्षं माझ्याकडे जेवला. पहिल्या वर्षी आला तेव्हा इतका बारीक होता की मी त्याला न विचारता पाचवी पोळी वाढायचे. पहाटे साडेपाचला अभ्यासिका, रात्री अकराला खोलीवर. मी बघितलेल्यांत सगळ्यात कष्टाळू मुलगा तो. दोनदा मुलाखतीपर्यंत गेला आणि दोन्ही वेळा यादीत नाव नाही. भाऊ सोयाबीन विकून महिन्याला पैसे पाठवायचा. पाचव्या वर्षी भावाचं लग्न झालं, पैसे उशिरा यायला लागले. मग तो माझे पैसे थकवायला लागला. मी कधी मागितले नाहीत, पण तो माझ्या नजरेला नजर देईना. आधी सगळ्यात पुढे बसणारा मुलगा दारामागच्या टेबलावर बसायला लागला.

दुसऱ्या मुलाखतीच्या निकालाच्या रात्री मी त्याचा खाडा गृहीत धरला होता. तो आला. मुकाट्यानं जेवला. आमटी दुसऱ्यांदा मागितली आणि म्हणाला, "काकू, मी नापास झालो याचं मला तितकं नाही वाटत. आता बत्तिसाव्या वर्षी घरी जाऊन 'मी काय करतो' हे सांगायला माझ्याकडे एक वाक्य नाही." मी काय बोलणार? ताक वाढलं.

त्याच्या कष्टात काही कमी होतं असं मला अजूनही वाटत नाही. त्याची गोष्ट सांगून मी तुला घाबरवतेय असं समजू नकोस. तो सहावा, म्हणजे नियमानं शेवटचा, अटेम्प्ट देऊन गेला, त्यात काही वावगं नाही. वावगं एवढंच की थांबायचं कुठे हे त्यानं स्वतः कधी ठरवलंच नाही. ते आधी नियमानं ठरवलं, मग भावाच्या खिशानं.

तुझ्याच वर्गातली ती सांगोल्याची मुलगी मात्र पहिल्या दिवशीच मला सांगून गेली होती, "काकू, तीन वर्षं. चौथ्या वर्षाचे पैसे घेऊ नका." दुपारी एका प्रेसमध्ये टायपिंग करायची, रात्री अभ्यास. तिसऱ्या वर्षी तिला कर सहायकाची पोस्ट मिळाली, ती रुजू झाली. आता नोकरी सांभाळून पुढच्या परीक्षा देते. कलेक्टर झाली नाही. दिवाळीला चकलीचं पीठ घेऊन येते.

आणि टाइमटेबलवाल्यांबद्दल काय लिहू! चार रंगांची पेनं, भिंतीवर भारताचा नकाशा, दर सोमवारी नवीन टाइमटेबल आणि दर गुरुवारी अप्पा बळवंत चौकातून नवीन पुस्तक. चहाच्या टपरीवर दोन तास चर्चा. त्यांना स्वप्न असतं ते अधिकाऱ्याचं नव्हे, अधिकाऱ्याच्या सत्काराचं. तुझ्या टेबलाचा फोटो पाठवला होतास परवा, त्यात पेनं मोजली मी. चारच आहेत का रे?

आता जे खरं सांगायचंय ते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना कॉट, अभ्यासिका, मेस मिळून महिन्याला बारा हजारांच्या खाली भागत नाही, क्लासचे लाख-सव्वा लाख वेगळेच. पैसा संपत आला की त्यांच्या डोक्यात घंटा वाजते. तुला कॉट फुकट, ताट फुकट, कपडेही मीच धुणार. तुझी घंटा वाजणारच नाही. तू सहा अटेम्प्ट काय, बत्तीस पूर्ण होईपर्यंत आरामात बसशील, आणि मी पोळ्या वाढत राहीन, कारण मी आई आहे. गावाकडच्या पोरांपेक्षा मला तुझीच जास्त भीती वाटते ती यामुळे. फॉर्म भरून परीक्षेला गेलाच नाहीस तर अटेम्प्ट मोजत नाहीत म्हणे. वय मात्र मोजतात.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या पाटल्या मोडल्या एवढंच तुला माहीत आहे, का मोडल्या ते कधी सांगितलं नाही. तू बारा वर्षांचा होतास. मला मेसचं हॉटेल करायचं होतं. टिळक रोडवर बोर्ड, काउंटरला मी, भिंतीवर भाव लिहिलेले. अकरा महिन्यांच्या करारानं गाळा घेतला. हिशेब केला तो सप्टेंबरच्या गर्दीचा. पोळ्या किती, कणीक किती, गॅस किती, सगळं चोख. फक्त मे महिना विसरले! इतकी वर्षं डोळ्यांनी बघत होते की परीक्षा झाल्या की पेठा रिकाम्या होतात, नव्वदाचे चाळीस मेंबर होतात, आणि हिशेबात मे घेतलाच नाही. जे स्वप्नात बसत नव्हतं ते वहीतही लिहिलं नाही, एवढंच.

तरी त्यात पाटल्या गेल्या नसत्या. बाबांचं आणि माझं ठरलं होतं की दिवाळीपर्यंत गाळ्यानं स्वतःचं भाडं स्वतः काढलं नाही तर बंद करायचं. दिवाळी आली. भाडं निघत नव्हतं. आणि मी बंद केलं नाही. समोरच्या बायका काय म्हणतील, बोर्ड उतरवताना कोण बघेल, या लाजेपायी आणखी तीन महिने चालवलं. पाटल्या खाल्ल्या त्या या तीन महिन्यांनी. बाबा तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. आयुष्यभर पीएमटीत कंडक्टरकी केलेला माणूस. परवा तुझ्या फोनचं सांगितलं तेव्हा मात्र म्हणाले, "त्याला विचार, तिकीट कुठपर्यंतचं फाडू?" आणि परत पेपर वाचायला लागले.

कोथरूडला आत्याकडे जाताना तू महर्षी कर्व्यांच्या पुतळ्याकडे बोट दाखवून विचारायचास, हे आजोबा कोण. बाबा सांगायचे की हे परीक्षेसाठी मुरूडहून कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. तू टाळ्या वाजवायचास. पुढचं बाबा सांगत नसत, मी सांगते. इतकं चालून गेल्यावर तिथल्या साहेबानं त्यांच्याकडे बघितलं, हा मुलगा वयानं लहान दिसतो म्हणाला आणि परीक्षेला बसूच दिलं नाही. घाट चढणं त्यांच्या हातात होतं, साहेबाचं बघणं नव्हतं. तुझ्यापुढेही असे साहेब येणार. ११ मार्च २०२१ ला तू घरीच होतास. एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर होती, एकदा नव्हे अनेकदा पुढे ढकललेली, आणि पुन्हा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. नवी पेठेत रस्त्यावर पोरं बसली होती. ती परीक्षा मग २१ तारखेला झाली. आपल्याकडे जेवणाऱ्या एका मुलीनं त्या रात्री मला विचारलं होतं, "काकू, अभ्यास किती दिवस ताजा राहतो?" शिळी पोळी परतता येते. अभ्यासाचं मला माहीत नाही.

तर माझं म्हणणं असं. ये. पण राजीनामा लगेच टाकू नकोस. मुलं म्हणतात, मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या एका पेपरला तीन तासांत वीस उत्तरं हातानं लिहायची असतात. म्हणजे एकाला नऊ मिनिटं. तू कॉलेज सुटल्यापासून हातानं सहीशिवाय काय लिहिलंयस? हे पत्र लिहिताना माझी बोटं आखडली, आणि मी रोज हिशेब लिहिणारी बाई. तेव्हा पुढचे तीन महिने, ऑफिसला जायच्या आधी, रोज दोन उत्तरं लिही आणि फोटो मला व्हॉट्सअॅपवर टाक. मला त्यातलं कळणार नाही, पण आलं की नाही हे कळेल. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी मी वहीत खाडा लावीन. तुझं पान उघडलंय, जुन्या वहीच्या मागच्या बाजूला. तीन महिन्यांत दहापेक्षा जास्त खाडे झाले, तर आपण पुन्हा बोलू.

वैकल्पिक विषय तत्त्वज्ञान घेणार म्हणालास. का, तर सिलॅबस लहान. बाकी काही कारण असेल तर ते मला लिहून कळव. मेंबरांत एक मुलगी तोच विषय घेऊन बसलीये, ती म्हणते, लहान आहे म्हणून घेतलेल्यांना तो फार मोठा पडतो. तुला गणिताची भीती नाही, सीसॅटच्या, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या गणित-बुद्धिमत्तेच्या पेपराच्या, ३३ टक्क्यांपायी बाहेर पडणाऱ्या किती हुशार पोरांना मी जेवू घातलंय, तो त्रास तुला नाही. इंजिनिअरिंगचा तेवढा तरी उपयोग झाला.

पैसे दीड वर्षाचे साठव. घरी राहिलास तरी मेसचे पैसे भरायचे, इतर मेंबरांसारखे, पाच तारखेच्या आत. हसू नकोस, मी गंभीरपणे लिहितेय. आणि कुठल्या वर्षी, कुठल्या निकालानंतर थांबायचं ते आत्ताच, डोकं शांत असताना, एका कागदावर लिहून बाबांकडे दे. माझ्याकडे नको, मी तो कागद हरवीन. त्या दिवसानंतर काय करणार हेही त्यावर लिही. 'बघू' असं लिहिलंस तर बाबा कागद परत करतील, त्यांना सुटे पैसे आणि पक्का स्टॉप दोन्ही लागतं.

तुला मिळेल की नाही, मला माहीत नाही. मिळालं तर पेठेत पेढे वाटीन आणि नाही मिळालं तर त्या रात्री तुझा खाडा धरणार नाही, जेवायला यायचं.

लोकमान्यनगरजवळच्या अभ्यासिकेत चौकशी केली. खिडकीजवळची एक जागा तीन महिन्यांनी सुटतेय, तिथला मुलगा गावी चाललाय. तिथल्या काकांना तुझं नाव सांगितलंय, पण ते पुढच्या रविवारपर्यंतच थांबतील. तेव्हा काय ते कळव. आणि गणपतीत नेलेला मोठा स्टीलचा डबा, झाकणासकट, येताना आण. कणकेला तोच लागतो.

तुझी,
आई